बापाची नावं आणि रबरी बेडकी

मी गोदावरीच्या काठची, भोयाची लेक. आमच्या घराला पाण्याचा वास होता, ताई, म्हंजे ओल नव्हं, शेवाळाचा आन् भिजल्या सुताचा वास, तो बापाच्या अंगावरून घरात यायचा आन् मंग जायचाच नाय. भाऊ नव्हता मला, म्हणून बापानं गळाची दोरी माझ्या हाती दिली, तव्हा मी असंन सात-आठ वर्षांची. जाळं कुणीबी टाकतं, तो म्हणायचा, गळ टाकणाऱ्याला ऐकू यावं लागतं. काय ऐकायचं, मी विचारलं, तर म्हणला, बोटानं ऐकायचं, कानाचं इथं काम नाय.

बापाचा एक नेम होता. गळाला जिवंत बेडकी लावायची, मरळीनं ती धरली की दोरी बोटावरून सरकायला लागायची, थंड, गुळगुळीत, पण बाप वढायचा नाय. मनातल्या मनात घरातल्यांची नावं घ्यायचा, आजा, आजी, आई, मी, आन् शेवटी आमची म्हस. म्हशीचं नाव झालं की मंग वढायचा. घास तोंडात घेतलेल्याला गिळू द्यावं, म्हणायचा, मासा असला म्हणून काय झालं. आन् मासा यायचाच, गळ पार पोटात गेलेला असायचा.

तो नेम माझ्या अंगातच मुरला बघा. माणसांशीबी मी तशीच वागले. कुणाच्या पोटातलं उकरायला गेले नाय. ज्याला सांगायचं तो सांगंल, आपण नावं घेत बसावं.

लग्न होऊन शहरातल्या फौजेच्या छावणीत आले. नवरा माळी होता, बंगल्यांच्या बागा करायचा, तो वारल्याला आता लई वर्षं झाली. मी बाजारात मासळी घेऊन बसते, पाटावर, विळी पुढ्यात, खवले उडतात ते संध्याकाळपर्यंत हातावर चमकत राहतात. एकच लेक, वंदना. नर्सिंग शिकत होती, एक वर्ष राहिलं होतं, तेवढ्यात सिल्लोडचं स्थळ आलं, ते म्हणले पुरं करू देऊ, मी दिली.

दिवाळीला चार दिवस म्हणून आली आन् दीड महिना झाला तरी जायचं नाव नाय. बोलायची नाय, जेवायची नाय. कोथिंबीर निवडायला दिली तर पानं संपून काड्या निवडत बसायची. शेजारची विचारायची, काय गं कौसा, लेक राहायला आली का परत आली? मी म्हणायची, तुझ्या घरी तर नाय ना आली. पण मला तरी कुठं ठाऊक होतं. रोज वाटायचं आज बोलंल. रोज दिवा लावायची वेळ व्हायची आन् ती तशीच, भिंतीकडं तोंड करून.

मंग एकदा म्हणली, आई, तोंडाला चव नाय, आजा आणायचा तशी मरळ कुठं मिळंल का? बाजारातल्या मासळीला बरफाचा वास, ती मी विकते, मला नका सांगू. मी ठरवलं, मरळ आपणच धरायची. तिच्या पोटात काय गेलं तर पोटातलं बाहेर तरी येईल.

गळ तर हातातून कव्हाच सुटला होता. आमच्या बाजारात एक सुभेदारसाहेब येतात, फौजेतून निवृत्त, माशाचे शौकीन, पण हात थरथरतो म्हणून त्यांच्या गळाच्या छड्या घरात नुसत्या उभ्या. ते म्हणले, चलो, छडी मेरी, हात तुम्हारा. त्यांच्या स्कूटरवर दर रविवारी धरणाच्या फुगवट्याला जायचं ठरलं. मी बेडकी धरायला वाकले तर म्हणले, छोड दो बिचारी को, आन् डबीतून एक चीज काढली. शिशाचं डोकं, त्यात गळ, आन् भवताली रबराच्या झिरमिळ्या. जिग म्हणतात, म्हणले. मी म्हणलं, ही तर घाघरा घातलेली बेडकी.

पहिल्या रविवारी चारदा टिचकी लागली, चारी मासे गेले. मी नावं घ्यायची, आजीपर्यंत येईस्तोवर दोरी रिकामी. सुभेदारसाहेबांनी विचारलं, कौसाबाई, होंठों में क्या पढते? मी म्हणलं, घरातल्यांची नावं. ते म्हणले, मछली को तुम्हारे खानदान से क्या लेना? रबर है वो, कौन निगलेगा? मुँह में लिया, थूक दिया.

दुसऱ्या रविवारी मी घाई केली. टिचकी लागली की मनगटानं हिसका. मरळीचं तोंड म्हंजे हाड, ताई, गळ नुसता घासून परत यायचा. घरी गेले की वंदना पिशवीकडं बघायची आन् पाणी द्यायची.

तिसऱ्या रविवारी त्यांनी मला पाण्याजवळ जाऊच दिलं नाय. आधी दगडावर गळ घासायला लावला. टोक अंगठ्याच्या नखावर ठेवायचं, घसरलं तर बोथट, रुतलं तर खरं. मंग म्हणले, छडीचं टोक खाली, पाण्याकडं, आधी ढिली दोरी गुंडाळून घ्यायची, आन् मंग सगळं अंग मागं, एकदाच. मला हसू आलं. हे तर आडातून घागर वढायचं झालं, आधी ढील घे, मंग कमरेतून वढ, मनगटानं वढली तर घागर कठड्यावर फुटती. मी म्हणलं, आधी असं सांगायचं ना. ते म्हणले, हम कब घागर भरे थे?

आन् एक गोष्ट सांगितली ती मी इसरले नाय. दर वेळी टिचकी लागंल असं नाय. शिशाचं डोकं खाली चाललंय, चाललंय, आन् मधीच थांबलं, तर तो तळ नव्हं, तोंड हाय. तव्हा वाट बघायची नाय.

मला बापाचं वाईट वाटलं जरा. पण त्याची नावं खऱ्या घासासाठी होती. खोटा घास कुणी किती वेळ तोंडात धरंल?

ऊन कलताना दोरी मधीच थांबली. ओठावर आजाचं नाव आलं होतं, ते तसंच ठेवलं, ढील घेतली आन् कमरेतून वढली. छडी वाकली, बोटं चरचरली, आन् गढूळ पाण्यातून मरळ वर आली, पाठ काळी, पोट पिवळसर, हातभर. सुभेदारसाहेब फक्त म्हणले, हां.

कालवण केलं, चिंच आन् लसूण, बापासारखं. वंदना जेवायला बसली. दोन तुकडे खाल्ले. मंग खाली मान घालूनच म्हणली, माझी पुस्तकं त्यांनी माळ्यावर टाकली, आन् तांब्याकडं हात केला.

एवढंच. आधीची मी असते तर नावं घेत बसले असते, आन् म्हशीपर्यंत येईस्तोवर तिनं पाणी पिऊन हात धुतला असता. मी पळी खाली ठेवली आन् सरळ विचारलं, तुला परत जायचंय का नाय? तिचा हात तांब्यावर तसाच राहिला. नाय, म्हणली. मला शिकणं पुरं करायचंय. आन् मंग सगळं आलं, दोन महिन्यांचं, भात पार गार झाला.

सिल्लोडची माणसं येऊन गेली. तिची सासू म्हणली, लेकीला तुम्हीच फितवली. मी म्हणलं, मी फक्त विचारलं, उशिरा विचारलं हीच चूक. जावई एक-दोनदा येऊन गेला, पुढं काय होईल ठाऊक नाय. मी रोज विचारत नाय. सारखे हिसके दिले तर दोरी तुटती. ती सकाळी नर्सिंगचे पांढरे कपडे घालून बसच्या थांब्यावर उभी राहती, मी पाट उचलते.

रविवारी मी आजबी जाते. जिग असली की नावं घेत नाय. पण कव्हा जिवंत बेडकी लावली तर घेते, आजा, आजी, आई, बाप, मंग वंदना, म्हस शेवटी. बापाचं म्हणणं खोटं नव्हतं, ताई. लेकरानं तोंडात घेतलेला घास त्याला गिळता यावा, दुसरं काय मागायचं.