त्या दिवशी ठेका कुणी सोडला

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक, प्रमुख पाहुण्या म्हणून वेळात वेळ काढून आलेल्या गायिकाबाई, ज्यांना आज आपण निरोप देतोय ते आमचे ड्रमवाले काका, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, माझे सगळे साथीदार, आणि समोर बसलेले श्रोतेहो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

निवेदकांनी माझी ओळख करून देताना ‘बेस गिटारवरची बिजली’ असं म्हटलं. त्या नावाचं मी पुढे सांगणार आहे. मला पाच मिनिटं दिलीत, तेवढ्यात माझं होणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. निवेदकांनी चिठ्ठ्या पाठवून कागद वाया घालवू नये.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे भाषण मी स्वतः लिहिलंय, तीन दिवस लागले. आमचे कीबोर्डवाले म्हणाले, “ताई, द्या, मी चांगल्या भाषेत लिहून देतो.” मी म्हटलं, तुमच्या चांगल्या भाषेत मला पाहिजे ते मावायचं नाही.

बेस गिटार म्हणजे काय, हे समोरच्या काही जणांना माहीत नसेल. चार जाड तारांची गिटार. तिचा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो. ती वाजत असते तेव्हा कुणी तिच्याकडे बघत नाही. आणि ड्रमवाला पायानं जो मोठा ड्रम वाजवतो, त्याचा ठोका आणि माझ्या तारेचा सूर एकाच वेळी पडावा लागतो. पडला, की दोन वाद्यं वाजतायत हे ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. नाही पडला, तर गाणारा कितीही मोठा असू दे, गाणं लंगडतं. म्हणजे बघा, ड्रमवाला आणि बेसवाली हे एका जोडीनं चालणारे प्राणी आहेत.

सव्वीस वर्षांपूर्वी मी या ऑर्केस्ट्रात आले ती कपडे शिवायला. वाजवणाऱ्यांचे ते चकचकीत कोट मी शिवायची. तालमीच्या खोलीत एका कोपऱ्यात माझं शिलाई मशीन आणि दुसऱ्या कोपऱ्यात काकांचे ड्रम. तेव्हाचा बेसवाला एक दिवस बोटीवर नोकरीला गेला आणि गिटार इथेच ठेवून गेला. जेवणाच्या सुट्टीत मी ती उचलून तारा ओढून बघायची. काकांनी मला हटकलं नाही. म्हणाले, “मशीनवर तुझा पाय बरोबर चालतो. कोट राहू दे, इथे बस.”

तीन महिने त्यांनी मला एकच सूर वाजवायला लावला. एकच! मला धीर कमी, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मी भडकले.

“काका, मी काय दारावरची बेल आहे का?”

“आत्ता वाजवलास तो सूर ऐकलास?”

“ऐकला की.”

“कधी संपला तो?”

मला सांगता येईना.

“मग परत वाजव.”

अशी आमची शिकवणी. त्यांच्याकडून मी काय शिकले, तर सूर लावणं सोपं आणि तो कुठे सोडायचा हे अवघड. तार दाबलेलं बोट किती वेळ दाबून ठेवायचं, कधी उचलायचं आणि पुढचा सूर येईपर्यंत गप्प कसं बसायचं. गप्प बसणं मला घरीही कधी जमलं नव्हतं.

घराचं निघालंच आहे तर सांगते. नवरा मला सोडून गेला त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. घरी बोलायला कुणी नाही. कार्यक्रमाला गावोगाव जाताना बसमध्ये काका माझ्या शेजारच्या सीटवर बसायचे. जाता-येता मी अखंड बडबडायची आणि ते नुसतं “हं” म्हणायचे. त्यांचा ‘हं’सुद्धा बरोबर जागेवर पडायचा. काकू डब्यात माझ्यासाठी वेगळा कप्पा भरून द्यायच्या. काकू, तुम्ही मला फक्त दोनदा भेटला होतात, तरी भरायचात. चौदा वर्षं हे असं चाललं. त्या दिवसांत काकांना सगळे ‘घड्याळ’ म्हणायचे. वीज गेली, माईक बंद पडला, गाणारा दुसरं कडवं विसरला, तरी त्यांची लय केसभर हलायची नाही.

मग आमच्याकडे एक नवा गिटारवाला आला. तो आता इथे नाही, त्याला दोष देत नाही. बोटं इतकी चपळ, की बघणाऱ्याला चक्कर यावी. एकदा तालमीत सगळ्यांसमोर मला म्हणाला, “ताई, तुमचं बरं आहे हो. मधेच डुलकी काढलीत तरी कुणाला कळायचं नाही.”

मी म्हटलं, “तू दोन मिनिटं गप्प बसून दाखव, मग बोल.”

सगळे हसले. पण लागायचं ते मला लागलंच.

तेवढ्यात ऑर्केस्ट्राच्या वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम ठरला. मालकांनी प्रत्येकाला दोन दोन मिनिटं एकट्यानं वाजवायला दिली, ड्रमची साथ फक्त मागे. मी लय मोजायचं टकटक करणारं यंत्र आणलं आणि घरी बसून बोटं पळवायला लागले. मिनिटाला ऐंशी ठोक्यांपासून सुरू केलं आणि आठ महिन्यांत एकशे साठवर नेलं. बोटांची सालं निघाली. त्यावर चिकटपट्टी लावून वाजवलं.

काकांना ते तालमीत लगेच कळलं. “एवढ्या घाईनं कुठे जायचंय तुला?” त्यांनी विचारलं.

मी काय म्हणाले, ते जसंच्या तसं सांगते. “तुमचे हात चालत नाहीत म्हणून सगळ्यांनी रांगायचं का?”

ते हसले. चिडायला पाहिजे होतं त्यांनी.

त्या कार्यक्रमाला तुमच्यातले किती जण होते? हात वर करा. बरं, बरेच आहात. मग तुम्हाला आठवत असेल की मी वाजवायला लागले आणि अर्ध्या मिनिटात ड्रम आणि गिटार यांचं जुळेना. ठोका मागे, मी पुढे. पुढच्या रांगेतले लोक काकांकडे बघून तोंडावर हात धरून हसायला लागले. आणि माझं संपल्यावर टाळ्या! माझ्या आयुष्यात मला एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. तुम्हाला वाटलं बाई विजेसारखी वाजवतेय आणि म्हातारा धापा टाकत मागून येतोय.

पडदा पडल्यावर कपडे बदलायच्या खोलीत मालक सगळ्यांसमोर काकांवर ओरडले, “मागे पडलात तुम्ही! ऐन वेळी मागे पडलात!”

मी कोपऱ्यात वायर गुंडाळत होते. काकांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी वायर गुंडाळत राहिले. वीस फूट वायर, तिला किती वेळ लागतो? मी ती सोडून परत गुंडाळली.

मग काका म्हणाले, “पडलो असेन, साहेब.”

अध्यक्ष महोदय, तुम्ही डॉक्टर आहात, घड्याळाकडे बघायची तुम्हाला सवय असणार, पण आता जरा थांबा. हे सांगायलाच मी उभी राहिले आहे.

काका मागे पडले नव्हते. ठेका मी सोडला होता. ठरलेल्या लयीवरून मी पुढे पळाले आणि पळतच राहिले, कारण टाळ्यांचा वास आला होता. हे मला त्या खोलीत, वायर हातात असताना माहीत होतं. मी बोलले नाही. बारा वर्षं बोलले नाही. आधी भीती वाटली, मालक मला काढतील. नंतर ‘बिजलीताई’ म्हणून फलकावर माझा फोटो लागला, तेव्हा भीती गेली आणि लाज आली. लाजेचं तोंड तर भीतीपेक्षा घट्ट बंद असतं. मनाशी मी हिशोब करून टाकला, की अर्धं माझं चुकलं आणि अर्धं त्यांचं.

त्यानंतर काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. गाणं सुरू करायच्या आधी एक-दोन-तीन-चार मोजायचा मान काकांचा होता, तो कीबोर्डवाल्यांना दिला. काकांच्या कानात टकटक यंत्राची वायर घातली. दुसऱ्या ऑर्केस्ट्रांमधून त्यांना बोलावणं यायचं, ते बंद झालं. ‘बंद पडलेलं घड्याळ’ असं लोक म्हणाले, मी ऐकलं. आणि काका बसमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसायला लागले. भांडण नाही, टोमणा नाही. माझ्याशी बोलणं तेवढं संपलं. डबाही बंद झाला, काकू, ते बरोबरच होतं.

बारा वर्षं आम्ही दोन हातांच्या अंतरावर राहून वाजवलं. एका कार्यक्रमात हजारभर वेळा तरी त्यांचा पाय आणि माझं बोट एका क्षणी पडत असेल. एवढ्या जवळ माझ्या आयुष्यात दुसरं कुणी नव्हतं. आणि उतरताना “येते, काका” म्हटलं, तर ते झांजा पुसत असायचे. घरी जाऊन मी रेडिओ लावायची आणि गाण्यात मधे जिथे जागा सुटते तिथे ‘हं’ म्हणायची. वेड लागलंय असं म्हणा हवं तर.

मागच्या महिन्यात साऊंडवाले आजच्या समारंभासाठी जुनी रेकॉर्डिंग काढत होते. त्यांनी मला त्या दिवसाचं ऐकवलं. “ताई, तुमची ती प्रसिद्ध बिजली!” म्हणाले. ऐकलं मी. बिजली कसली? जाड तारांचे सूर लांब असतात, त्यांना पसरायला जागा लागते. मी ते एकावर एक कोंबले होते. पिठाच्या गिरणीसारखी नुसती घरघर. एक सूर धड ओळखू येत नव्हता.

आणि खाली ड्रम. अगदी सरळ. मी ते टकटक यंत्र शेजारी ठेवून तपासलं. माझ्या त्या दोन मिनिटांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक ठोका इकडचा तिकडे नाही. पण मला रडवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मी पळाल्यावर काकांनी तीनदा सगळं वाजवणं बंद करून नुसता पायाचा ड्रम ठेवला. चार ठोके. मोकळे, मोठे. ते लोकांना चाचपडणं वाटलं. ते चाचपडणं नव्हतं. काका माझ्यासाठी दार उघडून उभे होते, की ये, इथून आत ये, कुणाला कळणार नाही. तीनदा उघडलं. मी तीनदा दारावरून पळत गेले.

आत्ता थोड्या वेळापूर्वी मालक त्यांच्या भाषणात म्हणाले, “वयामुळे हात थोडा मंदावला, तरी काकांनी निष्ठेनं साथ दिली.” मालक, तुमचं मीठ खाल्लंय, पण ते वाक्य तुम्ही मागे घ्या. मानचिन्हावरही तसलं काही कोरलं असेल तर खोडून द्या. रेकॉर्डिंग साऊंडवाल्यांकडे आहे. ज्याला शंका असेल त्यानं टाळी देत ऐकावं.

काका, खाली बघू नका. तुम्ही परत बोलावं म्हणून मी हे बोलत नाही. उद्या तुम्ही मुलाकडे लांब जाल, परवा तुमच्या जागी कुणी दुसरा बसेल, आणि मी त्याच्याबरोबर वाजवीन, कारण मला दुसरं काही येत नाही. बसमध्ये शेजारची सीट रिकामी आहे, तशीच राहील. त्याची तक्रार नाही. तुमचं नाव माझ्याकडे राहिलं होतं, ते चारचौघांत घेतलं होतं, म्हणून चारचौघांत परत केलं. उशीर झाला. तेवढा एक उशीर खरा, आणि तो माझा.

अध्यक्ष महोदयांनी ऐकून घेतलं, पाहुण्या बाईंनी एकदाही मोबाईल बघितला नाही, काकू उठून गेल्या नाहीत, निवेदकांनी चिठ्ठी पाठवली नाही, त्या सगळ्यांचे आभार. माझ्या बोलण्यात कुणाला उद्धटपणा वाटला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर अडाणी बाई म्हणून पोटात घाला. बारा वर्षांपूर्वीचं मात्र कुणी पोटात घालू नका. ज्यांना ज्यांना तुम्ही ‘तो ड्रमवाला मागे पडतो’ म्हणून सांगितलं होतं, त्यांना आज इथून बाहेर पडल्यावर फोन करा आणि माझं नाव घ्या.

नमस्कार.