किशोरची पेटी अजून गरम होती

सुमनवहिनी, मृणाल, आत्या आणि सोसायटीतली सगळी मंडळी, तुम्ही वेळ काढून आलात. किशोर परबबद्दल मी बोलावं असं ठरलंय. खरं सांगतो, जड जातंय. तो नाही म्हणून तर आहेच. पण तो असताना त्याने मला एक वाक्य कधी पुरं करू दिलं नाही, त्यामुळे सवयही नाही.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. मुलुंडमधल्या इतर सेक्रेटरींना पार्किंगचा त्रास असतो, गळतीचा असतो. मला किशोरचा होता.

पंपाच्या खोलीशेजारी, शेडमध्ये, तांदळाच्या कोठीएवढी ती पेटी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. भट्टीखात्यातून रिटायर झालेल्या माणसाने काय करावं? वॉकला जावं, पेपर वाचावा. नाही. हा मला म्हणाला, "अंत्या, ऊन येतं दिवसा आणि चूल लागते संध्याकाळी. मधल्या वेळात ती उष्णता ठेवायची कुठे?"

मी म्हटलं, "अरे, मुंबईत उष्णता ठेवायला कशाला हवी? ती जाते कुठे?"

झालं. तासभर लेक्चर. म्हणे, पाणी उकळून उडून जातं, धातू त्याच्या कितीतरी पुढे तापतो. अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉन एकत्र वितळवायचं. वितळताना ते उष्णता पोटात घेतं, गोठताना परत देतं. गच्चीवरच्या पॅनलची वीज, आत कॉइल, बाहेरून जाड वेष्टण. सोपं आहे, म्हणे.

कसलं सोपं? पहिली टाकी त्याने स्टीलची केली. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमने ती आतून खाल्ली. शेडची फरशी तडकली. मी म्हटलं, "जन्म भट्टीत घालवलास, तुला हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं रे. इतक्या लवकर खाईल असं वाटलं नव्हतं."

काय बोलणार अशा माणसाला?

मग त्याने आतून सिरॅमिकचं अस्तर लावलं आणि पेटी चालली. पण मी नोटीस काढली होती. उत्तर नाही. दुसरी काढली. उत्तर नाही. शेडमध्ये गेलो, तर दोन्ही नोटिशी टेबलावर, चहाच्या पातेल्याखाली. म्हणाला, "बस, चहा घे." पेटीवरच केलेला. आणि मी घेतला. कमिटीवाल्यांनो, खाली बघू नका, तुम्हीही घेतलात. आणि चहा पिऊन ठराव केलात की महिनाअखेर पेटी भंगारात द्यायची.

रोज सकाळी तो स्वतः खाली जाऊन स्विच चालू करायचा. मंगळवारी तो उठलाच नाही.

संध्याकाळी आम्ही स्मशानातून परतलो. आपल्यात त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणला होता, तो तसाच पडून. वहिनींनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तेवढ्यात मृणाल वाफाळता चहा घेऊन दारात आली. आत्यांनी तिला तिथेच अडवलं. "चूल कोणी पेटवल्यान?"

मृणाल म्हणाली, "कोणीच नाही, आत्याआजी. बाबांनी काल पेटी भरून ठेवली होती. ती अजून गरम आहे."

आत्यांनी कपाला हात लावून पाहिला. मग म्हणाल्या, "आज कोणी पेटवक नाय मां? मगे हाड."

मृणालने कप आत आणला आणि वहिनींनी तो चहा घेतला. तेव्हा कुठे त्या रडल्या.

मला याचाच राग येतो. माझ्या एकाही नोटिशीला त्याने उत्तर दिलं नाही, आणि दिलं ते असं. आता मी भांडू कोणाशी?

काल वहिनींनी मला विचारलं, "भावजी, पेटी न्यायला कधी येणार?" मी खाली जाऊन तिला हात लावला. गार पडली होती. मला ते अजिबात आवडलं नाही.

वहिनी, कोणी येणार नाही. उद्या सकाळी मृणाल स्विच चालू करणार आहे. कमिटीत कोणाची हरकत असेल, तर लेखी द्या. मी ती नीट ठेवीन. किशोर ठेवायचा तिथेच.

आता सगळ्यांनी उभं राहा. दोन मिनिटं शांत राहू या.

किशोर, मध्ये बोलू नकोस.