रागदाची जोडकिल्ली

अलेक्झांड्रियात फलाफलच्या वड्यांच्या गाडीपुढे रांग होती. बसंतच्या पुढे एकाच ऑफिसातल्या दोघी बोलत होत्या, ते तिला ऐकू येत होतं.

"दवाखान्याच्या प्रोग्रॅममध्ये एकाच नावाचे दोन पेशंट एकमेकांत मिसळायचे. त्या रागदाने नाव आणि मोबाइल नंबर जोडून नोंद शोधायची एक किल्ली केली, तर साहेबांनी टीमच तिच्या हाती दिली!"

"चालतंय ना? मग जळतेस कशाला, शाहिनाज?"

"चालतंय डोंबल! पेशंटने नंबर बदलला की किल्ली बदलते. नोंद आत असून सापडत नाही."

"सांगितलंस तिला?"

"मी? पडू दे तोंडावर!"

"अगं, तुझी आई तिथेच जाते ना डायलिसिसला?"

शाहिनाजने तिथल्या तिथे फोन लावला.

"रागदा, माझ्या आईने परवाच नंबर बदललाय. तुझी किल्ली आत्ताच्या आत्ता दुरुस्त कर. आणि चूक मी पकडली, हे साहेबांना सांग!"