जाळीमागचा अण्णा

रघूच्या सिनेमात मी कुठे दिसलो नाही म्हणून चिडवता ना मला? अरे, शेवटची दहा मिनिटं मीच आहे. आजवर कुणाला बोललो नाही, एवढंच.

माझा थोरला भाऊ अण्णा इथल्या हौशी बेसबॉल टीमचा कॅचर होता, बॅटवाल्याच्या मागे तोंडावर जाळी लावून उकिडवा बसणारा. सगळी टीम मास्तरांची आणि बँकवाल्यांची. रघूने त्यांच्यावरच सिनेमा काढायला घेतला, आणि शेवटच्या मॅचचं शूटिंग व्हायच्या आत अण्णा हार्ट अटॅकने गेला.

तेरावं झालं तसा रघू अण्णाचं किट घेऊन घरी आला. म्हणाला, "कॅचरचं तोंड जाळीमागेच असतं रे. दोन दिवस तू बस." मी जन्मात बॉल झेललेला नाही. तरी बसलो. हेल्मेटच्या आत अजून अण्णाच्या तेलाचा वास होता.

पुढे पापनाशम गावात एका लग्नाच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. आई माझ्या शेजारी होती. अण्णाचे खरे सीन येऊन गेले, ती नुसती बघत राहिली. शेवटच्या मॅचला मात्र तिने माझं मनगट धरलं.

"हा बघ माझा अण्णा! बसायची ढब बघ. शंभरात ओळखेन मी."

मग माझ्याकडे वळली.

"तुला जमलं असतं का रे असं?"

"नसतं जमलं, आई."

आता रोज संध्याकाळी ती तेवढाच तुकडा फोनवर लावायला सांगते. मी लावतो. मी शेजारी जिवंत बसलेला असतो, आणि ती मलाच बघून अण्णासाठी रडते.