अस्वल अजून झोपलंय

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको, ती कोल्ह्याची. तो आत्ता डबा खाऊन आत येईल, तुम्हाला तिथे बसलेलं बघेल आणि मला दिवसभर फैलावर घेईल. इकडे सतरंजीवर बसा. गुडघे दुमडत नसतील तर पाय पसरा, आम्ही कुणाला हसत नाही. म्हणजे हसतो, पण मागून. तर काय म्हणत होते मी — हां, सामान. तुमच्या लेकीचा रुमाल, पाण्याची बाटली, जादा फ्रॉक आणि अस्वलाचा मुखवटा, सगळं या पिशवीत भरून ठेवलंय, तुम्ही तिला काढून नेलंत तेव्हापासून. मुखवट्याचा एक कान लोंबतोय, तो आमचा प्रताप नाही, तो तिनेच चावलाय. विचार करायला लागली की कान चावायची. नव्या शाळेत चावू देत नसतील. तिथे काय बाबा, सगळं शिस्तीत! भिंतीवर मोठा पडदा आहे म्हणे, बटण दाबलं की वाघ डरकाळी फोडतो. छान आहे. आमच्याकडच्या वाघाचं आधी नाक पुसावं लागतं, मग तो डरकाळी फोडतो.

बोला की, कोण नको म्हणतंय — पण आधी माझं ऐका. त्या दिवशी तुम्ही बोललात आणि मी ऐकलं, आज फिट्टंफाट. ‘चार वर्षांची झाली तरी पोरीला धड अक्षर काढता येत नाही, घरी येऊन वारूळ कसं फोडायचं ते सांगत बसते.’ तुमचेच शब्द. मी विसरत नाही, रोज तीच गोष्ट सांगणाऱ्या बाईला विसरून चालत नाही. एक शब्द इकडचा तिकडे झाला की अख्खा वर्ग अंगावर येतो. अहो, पण कसं फोडायचं ते बरोबर सांगत होती की नाही? विचारलंत का कधी? दाखवलं असतं तिने — नखं अशी आत घालायची, मग तोंड लावून फुर्रर करून माती उडवायची, मग ओठांचा चंबू करून किडे आत ओढायचे. असंच खातं अस्वल. पुस्तकं लिहिणाऱ्यांना विचारा. पण तुम्हाला क, ख, ग हवं होतं. अस्वलाला नसतं येत क, ख, ग. काय करणार?

आमची गोष्ट तुम्ही कधी ऐकली नसेल, तुम्हाला वेळ कुठला. जुनीच आहे, लहान आहे, घाबरू नका. वादळात एक थोरलं झाड पाणवठ्याच्या वाटेवर आडवं पडतं. अलीकडे सगळं जंगल, पलीकडे पाणी. हत्ती येतो, ढकलतो, झाड ढिम्म हलत नाही — हत्ती म्हणजे तो बाहेर दिसतोय ना, काडीपैलवान, तो. त्याची आई म्हणाली, हत्ती कशाला, ससा करा, मी म्हटलं, सशाला पळावं लागतं, याला धाप लागेल. मग माकड उडी मारून पलीकडे जातं, पण ओंजळीतलं पाणी परत येईपर्यंत सांडतं. साळिंदर खालून उकरतं. घुबड डोळे मिटून सल्ले देतं — तशी माणसंही असतात, मी कुणाचं नाव घेत नाही. कोल्हा सगळ्यांना कामाला लावून सावलीत बसतो. आणि मग येतं अस्वल. त्याला पाण्याशी देणंघेणं नाही, वाटेशी नाही. त्याला वास आलाय, झाडाच्या पोटात वाळवी आहे. ते बसतं आणि खातं. फोडतं, फुर्रर करतं, खातं. संध्याकाळपर्यंत झाडाचे दोन तुकडे, वाट मोकळी, सगळ्यांना पाणी. आणि आपण कुणावर उपकार केले हे अस्वलाच्या गावीही नाही. संपली गोष्ट.

झाड कोण होतं? मोठं माणूस. पोरं झाड व्हायला तयार होत नाहीत, हलता येत नाही ना. आधी मावशी व्हायच्या, आता त्यांची कंबर धरलीय, म्हणून मी. नुसतं आडवं पडायचं, बोलायचं नाही, आणि अस्वल पोटाला नखं लावेल तेव्हा हसायचं नाही. मला एकदाही जमलेलं नाही. तुमची लेक काय जीव तोडून खाते हो झाड!

आता नियम ऐका. इथे ज्याला जो प्राणी मिळाला तो वर्षभर त्याचा. आम्ही हाकही त्याच नावाने मारतो, म्हणून तर तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हा मावशी ओरडल्या, अस्वलाचे बाबा आले. आणि ज्या दिवशी मूल येत नाही त्या दिवशी त्याचा प्राणी झोपलेला असतो. दुसऱ्याला द्यायचा नाही. एकदा देऊन पाहिला होता, परत आलेल्या सशाने असा गळा काढला की शेजारचा लोहार हातोडा टाकून बघायला आला. तेव्हापासून, झोपलाय म्हणजे झोपलाय. मूल परत आलं की सगळे दाराशी जाऊन त्याला उठवतात आणि गोष्ट पुढे. गोवराची साथ आली तेव्हा निम्मं जंगल घोरत होतं, तरी अडलं नाही काही.

आणि तुम्ही नेमकं अस्वलच उचललंत! दोन ससे होते माझ्याकडे, एखादा न्यायचा होता. पहिल्या दिवशी मी म्हटलं, अस्वल झोपलंय. चालून गेलं. पुढे पोरं विचारायला लागली, एवढं कसं झोपतं? आता मला गप्प बसवतंय कोण? म्हटलं, थंडी आहे ना, थंड मुलखातली अस्वलं खाऊन खाऊन लठ्ठ होतात आणि थंडीभर गुहेत पडून राहतात. खोटं काहीच नाही त्यात. माहितीही झाली, विषयही टळला, स्वतःवरच खूश झाले मी. आता वर बघा. काय दिसतंय? पंखा. परवा मावशींनी तो लावला आणि साळिंदराने हात वर केला. ‘बाई, गरम व्हायला लागलं.’ म्हटलं, हो बाळा. ‘मग अस्वल उठलं असेल.’ घ्या! द्या उत्तर! हत्तीला म्हटलं, आज तूच मोड ते झाड, आणि तो माझ्याकडे असा बघतो, जसं काही मीच बालवर्गात आहे, आणि म्हणतो, ‘हत्ती वाळवी खात नाही, बाई.’ बरोबरच आहे. मीच शिकवलंय. तुमच्या कृपेने माझं जंगल कधीचं तहानलेलं बसलंय आणि मी रोज दुपारी इथे झाड होऊन आडवी पडते, कुणी फोडायला येत नाही, मग उठून पदर झटकते.

एक आजी येऊन गेल्या, नातीला घालायचंय. म्हणाल्या, अस्वल रिकामंच आहे ना? रिकामं! भाड्याची खोली आहे जशी. मी नाही म्हटलं. नियम आहे म्हणून म्हटलं. मुलांसाठी म्हटलं. बरं, माझ्यासाठी म्हटलं, झालं समाधान? पिशवी भरून ठेवलीय म्हणाले ना मी — दर शनिवारी रिकामी करते. मुखवटा उन्हात ठेवते, पुसते, परत भरते. कागदाच्या लगद्याला बुरशी धरते ना, म्हणून. नाहीतर मला काय करायचंय. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, म्हणून स्पष्टच सांगते, त्या दिवशी तुम्ही तिला दंडाला धरून नेलंत आणि ती मागे वळून बघत होती, आणि मी हात हलवला. हसून हलवला. दुसरं काय करणार होते. घ्या ही पिशवी आणि निघा, आमची गोष्टीची वेळ झाली.

काय? पिशवीसाठी नाही आलात? मग कशासाठी? बोला ना, मघापासून तोंड उघडताय आणि मिटताय, माशासारखं — हो, मीच बोलू देत नाहीये, कळतं मला, बोला.

—टेबलाखाली?

कधीपासून? म्हणजे गेली त्या दिवसापासूनच. डबा खात नाही, पडद्याकडे बघत नाही, नुसती टेबलाखाली डोळे मिटून पडून. आणि घरी? घरी खाते, खेळते, दंगा करते. फक्त शाळेत. डॉक्टरांनी काय सांगितलं? कान तपासले. डोळे तपासले. रक्तसुद्धा! शाब्बास. एवढं सगळं तपासलंत, तिला कुणी विचारलं का? विचारलंत. मग, काय म्हणाली?

परत सांगा.

‘मला उठवायला अजून कुणी आलंच नाही.’

थांबा. चष्मा पुसते. खडूची धूळ बसते. हो, खडू आहेत आमच्याकडे, अक्षरं नसली तरी.

आजारी नाहीये ती. तिला काही म्हणजे काही झालेलं नाही. नियम पाळतेय हो पोर. तिच्या लेखी ती तुमच्या त्या शाळेत गेलेलीच नाही. इथे आलेली नाही, एवढंच. आणि इथे जो येत नाही तो झोपतो. मी शिकवलं ते. बसल्या जागी, तोंड चालतं म्हणून शिकवलं, आणि ती एकटी तिकडे टेबलाखाली — आत्ता कुठे आहे? गाडीत? फाटकाशी? आई आहे ना सोबत? आणि ती? डोळे मिटून. अहो, दारापर्यंत आणलंत आणि मला खडू-अक्षरं ऐकवत — बरं, मीच ऐकवत बसले. नाही! तुम्ही हाक मारू नका. तुमच्या हाकेने उठायची असती तर टेबलाखालीच उठली असती.

मावशी! हात पुसा त्यांचे. चला रे, चपला घाला. नाही, घरी नाही जायचं. हत्ती पुढे, साळिंदर त्याच्यामागे, कोल्ह्या, आज तूसुद्धा, सावली पुरे झाली. वाघाचं नाक पुसा कुणीतरी. आज गुहा लांब आहे, फाटकाबाहेर, पांढरी, चार चाकांची. काय म्हणायचं, आठवतंय? ‘उठा उठा अस्वलराव, ऊन आलं वर, वाटेत पडलंय झाड आणि वाळवी आतभर!’ असं पुटपुटू नका. ते कधीचं झोपलंय, जोरात म्हणावं लागेल. मावशी, हा मुखवटा घ्या, कान सांभाळून.

तुम्ही कुठे निघालात? तुम्ही इथेच. माझे गुडघे आज दुखतायत, मावशींच्या कंबरेचं सांगितलंच तुम्हाला. बूट काढा. कोट काढा, चुरगळेल. आता दारापासून खिडकीपर्यंत आडवे व्हा — अजून थोडे सरका, वाट पुरती अडली पाहिजे, जमेल तुम्हाला. नखं लागतील, गुदगुल्या होतील, हसायचं नाही. रडायचंही नाही. आणि तिला अक्षरांचं काही विचारायचं नाही, त्या शाळेचं नाही, उद्याचंही नाही. काय? उद्याचं उद्या बघू. ऐका, आल्या चपला पायऱ्यांवर — अहो, गप्प! झाडं बोलत नाहीत.