गरोदर? नाही

शून्यच आहे मॅडम, परत परत काय बघता — साथीच्या अख्ख्या दोन वर्षांत आपल्या इस्पितळात एकही गरोदर बाई दगावली नाही, मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये त्याचं प्रशस्तिपत्र लटकतंय, काच मीच पुसते. कसं जमलं म्हणता? अहो, जमायचं काय त्यात! नियमच होता — गरोदर असून लागण झालेली बाई इथे दाखल करायचीच नाही, मोठ्या इस्पितळात पाठवायची, तीन तासांवर. वाटेत गेली तर ना आमच्या कागदावर, ना त्यांच्या. झालं शून्य!

आणि कॉम्प्युटर तर त्याहून शहाणा — ‘गरोदर?’ला हो की नाही ते भरल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. मला या रेकॉर्डरूममधून उचलून दाखल करायच्या खिडकीवर बसवलेली, समोर ही भली मोठी रांग, दम लागलेली माणसं — मी काय एकेकीचं पोट तपासत बसू? चौथा-पाचवा लागला की दिसतं, त्याआधी काय कळतंय? मी विचारायची, नवरे म्हणायचे ‘नाही’, मी ‘नाही’ दाबायची. खोटं? खोटं कशाला म्हणता — ‘हो’ म्हटलं की गाडीत घालून पाठवायचे, गाडीत ऑक्सिजन असला तर असला! मग एकदोघींना मीच डोळ्यांनी खुणावलं, नाही म्हणा म्हणून. खाट मिळाली त्यांना, बऱ्या होऊन गेल्या — हे लिहा ना तुमच्या त्या अभ्यासात.

सगळ्या? नाही हो, सगळ्या कशा — एक गेली. नवव्या दिवशी. तिसरा महिना होता, कोणालाच माहीत नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही, त्याच्या वाढदिवसाला सांगणार होती, मला तेवढं स्वयंपाकघरात हळूच — खिडकीवर, खिडकीवर सांगितलं तिने. डॉक्टरांना सांगायला हवं होतं, मान्य आहे, रोज जिना चढताना ठरवायची, आज सांगतेच — पण सांगितलं तर हलवतील, आणि वर गेलं की नर्स म्हणायची, आज जरा बरं आहे... औषधं वेगळी दिली असती का हो? तुम्ही शिकलेल्या आहात, सांगा ना. नको, नका सांगू.

ते पेन ठेवा खाली. माझी सून होती ती, कळलंच असेल आता तुम्हाला. चार वर्षं झाली, मुलगा अजून म्हणतो, ‘आई, निदान एक मूल तरी असतं आम्हाला’ — आणि मी मान खाली घालून भाजी चिरत राहते. तुमचं ते शून्य मला बघवत नाही, मॅडम. एक करा ना त्याचं! नाव तर छापत नाही ना तुम्ही? मग झालं तर. हा घ्या तिचा केसपेपर, खोडा ते ‘नाही’ — काय? सही लागते? जवळच्या नातेवाइकाची? म्हणजे नवऱ्याचीच का... सासूची नाही चालत?

आणा तो केसपेपर परत इकडे. निघा आता मॅडम, मला खोली बंद करायचीय.