पाण्याखाली आंगठा वर करू नये

हात जरा वर घ्या बाई — हां, तसाच राहू द्या — तर पोरगी मले म्हणते, "आई, नाकानं श्वास घ्यायचाच नाही, तोंडानं घे." आता सांगा, जलमल्यापासून नाकानं घेऊन राह्यली, अन् एका सकाळी समुद्राच्या काठावर उभी करून म्हणते तोंडानं घे! कोणती पोरगी काय — माझीच, शीतल, एकुलती एक. बालीले असते, तिकडं इंडोनेशियात, इमानात बसून जा लागते. तिथं ते स्कूबा शिकून राह्यली — पाठीवर हवेची टाकी बांधायची अन् समुद्राखाली मासोळ्याइत जायचं. इंटर्न आहे. इंटर्न म्हंजे काय? शिकायचं बी अन् राबायचं बी! टाक्या वाहा, लोकाइचे सूट धुवा, बोट घासा, मंग कुठं इद्या मिळते. घरी पाण्याची गुंडी-कळशी उचलत नव्हती हो, अन् तिथं या हातात एक टाकी, त्या हातात एक — ब्लाऊजचा गळा मागून खोल घेऊ का? बरं.

मी काऊन गेली? तिनंच बोलावलं, म्हणे ये पाह्यले. मले काय ठाऊक, मलेच बकरा करतीन म्हणून! तिची परीक्षा होती — अगदी नवख्या माणसाले खाली नेऊन धड वर आणायचं, अन् तिचे सर, केतुत सर, बाजूनं पाहत राहणार. ज्याले नेणार होते तो सर्दीनं पडला. सर माझ्याकडं पाहून हसले — "इबू?" इबू म्हंजे आई, त्याइच्या बोलीत. म्या म्हटलं, नाही व माय, मले पोहता बी येत नाही! चालते म्हणे. मंग शीतलचं तोंड पाह्यलं — एवढुसं झालं होतं. म्हटलं, आणा तो सूट. अन् तो सूट! दोन पोरी दोन बाजूनं ओढून राह्यल्या अन् मी मधात, पोत्यात कापूस दाबल्यावानी. शिवण मात्र पाहून घेतली म्या — चपटी, बोटाले लागतच नाही.

उतरलो. कमरेएवढं पाणी, गळ्याएवढं, अन् मंग डोकं खाली — काय सांगू बाई! निळ्या, पिवळ्या, पट्ट्यापट्ट्याच्या मासोळ्या, लग्नात करवल्या मिरवतेत ना, तशा. मले इतका आनंद झाला की म्या शीतलले आंगठा दाखवला — लय भारी! तिनं मले धरलं अन् सरळ वर आणलं. "काय झालं आई?" म्हटलं कुठं काय, मजा येऊन राह्यली. "अवं, आंगठा म्हंजे वर चल! बरं वाटते तर बोटाइचा गोल कर." गेलो खाली. एक कासव आलं, टोपल्याएवढं, म्हातारीवानी तोंड — म्या पुन्हा आंगठा! पुन्हा वर! सर खालीच हसून राह्यले, नळीतून नुसते बुडबुडे.

पुन्हा खाली गेलो, अन् मी बी हसली. हसलं की गाल उचलतेत, अन् नाकडोळ्यावर बसवलेल्या चष्म्यात पाणी शिरलं. नाकात पाणी, डोळ्यात मीठ, दिसणं बंद. वाटलं, झालं, बेला गावची बाई बालीत गेली. हाताले लागलं ते ओढलं म्या — अन् ती शीतलच्या तोंडातली हवेची नळी निघाली, माझ्या लेकराची! तिनं काय केलं? काहीच घाबरली नाही. आपल्याजवळची दुसरी नळी तोंडात घातली, मले छातीच्या पट्ट्याले धरलं, अन् माझा हात तिच्या छातीवर ठेवला. ती श्वास घे, मी घे. ती सोड, मी सोड. हळू, हळू. मंग चष्मा वरून दाबला अन् मले नाकानं फुंकायची खूण केली — फुंकलं, पाणी गेलं, अन् दिसली. इतके शांत डोळे बाई! मी तर इसरूनच गेली का हे माझं लेकरू आहे. वाटलं, कोणीतरी मोठी बाई आहे, हिच्या भरवशावर रहा.

पास झाली! सर म्हणे, इतका अवघड माणूस तर ठरवून बी भेटला नसता. मी हसून राह्यली, रडून राह्यली, तिथल्या बायाइनं तर माझ्या कानात फूल खोसलं. संध्याकाळी वाळूत बसलो तं शीतल म्हणते, "आई, मले इथंच कामावर ठेवून राह्यले. पप्पाले काय सांगू?" म्हटलं, तू काहीच सांगू नोको. तू राह्य. पप्पाले मी पाहून घेईन.

पाह्यलं कुठं अजून! महिना झाला, तोंड उघडत नाही माझं. अन् ह्याइनं तिकडं भैंसा गावचं स्थळ धरून ठेवलं — ते कापसाच्या जिनिंगवाले उद्धवराव, त्याइचा पोरगा. रविवारी बैठक आहे. हे म्हणतेत पोरगी दिवाळीले येते, लगेच उरकून टाकू. कुठची येते! येणारच नाही ती. मले ठाऊक, तिले ठाऊक, अन् आता तुमाले —

हात काऊन खाली घेतला बाई? टेप टोचला का?

कोण? उद्धवराव तुमचे कोण म्हटलं?

भाऊ.

म्हंजे ब्लाऊजचं कापड निमित्तच होतं म्हणा. घर पाह्यले आल्या होत्या.

काय म्हणता? भावाले सांगा लागते?

नाही, सांगू नोका असं नाही म्हणत मी. सांगा. जसं ऐकलं तसंच सांगा. शुक्रवारी ब्लाऊज घेऊन जा — बाहीचं माप राह्यलं, पण मी अंदाजानं कापते. आता निघा बाई, मले दुकान बंद करू द्या. घरी ह्याइले सांगा लागते, तुमच्या भावाचा फोन यायच्या आधी.